जांभळं गांडूळ

माबेला, मस्कत
शुक्रवार, ११ मार्च २०१६

श्री. सागर बाळकृष्ण कुबल यांस,

खाली 'तुझी लाडकी बहीण' वगैरे काही सापडणार नाही, तेव्हा शेवटचं पान आधी उलटून बघू नकोस. हे समेटाचं पत्र नाही. बाबांची होडी आणि रापणीच्या जाळ्यातला वाटा तू मला एका शब्दाने न विचारता विकलास. त्यावर मी फोनवर जे बोलले त्यातलं काहीही मागे घेतलेलं नाही. तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस त्याला दीड वर्ष झालं. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. तेही शाळेतल्या मराठीत. आपल्या घरच्या बोलीत लिहिलं तर जीभ सैल सुटेल.

कारण एवढंच की मला हसायचं आहे आणि इथे बरोबरीने हसेल असं माणूस नाही.

देवेशला मासेमारीचं वेड लागलंय.

देवेशला. बार्शीच्या. लग्नानंतर आपल्याकडे पहिल्यांदा जेवायला बसला तेव्हा बांगड्याला काटे कुठल्या बाजूने असतात असं आईला विचारणारा तो देवेश. एसीच्या डक्टचे नकाशे काढून पोट भरणारा हा माणूस आता दर शुक्रवारी टोपी घालून, गॉगल लावून, खिसेच खिसे असलेलं जाकीट चढवून बंधाऱ्यावर जातो. आणि मासा कशाने धरतो? माकलाने नाही, तारलीने नाही, सुंगटांनी (देवेशच्या भाषेत कोळंबीने) तर नाहीच. रबराच्या गांडुळाने!

अमेरिकेतून येतात ती. तिकडे कुठल्या तळ्यात बास नावाचा मासा आहे, त्याच्यासाठी साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी काढलेली ही युक्ती, आणि अजून लोक ती डोक्यावर घेऊन नाचताहेत. बोटभर लांब, जेलीसारखी लिबलिबीत. रंग म्हणशील तर जांभळा, पोटात चंदेरी भुकटी. जांभळं गांडूळ तू पाहिलंयस कधी? या देशात नुसता दगड आहे, इथल्या समुद्रातल्या माशाने जन्मात गांडूळ बघितलेलं नाही. तरी त्याने जांभळं गांडूळ ओळखावं आणि त्याला भूक लागावी! वर त्याला बडीशेपेचा वास. होय, बडीशेप. म्हणजे मासा जेवण झाल्यावर मुखवासासाठी येतो बहुतेक.

गाडीत ठेवली तर उन्हाने वितळून एकमेकांना चिकटतात, प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवली तर डब्याचा तळ खातात. म्हणून आता ती माझ्या फ्रिजमध्ये असतात, कोथिंबिरीच्या शेजारी. दुधाला बडीशेपेचा वास येतो.

यांचा गुरू आशुतोष म्हणून एक पुणेकर आहे, बँकेत मोठा साहेब. तो मला समजावतो, "वहिनी, माशाला हात नसतात. समोर काय आहे हे बघायला त्याला ते तोंडातच घ्यावं लागतं. पत्र्याचा खोटा मासा कडक लागतो, लगेच थुंकतो. हे मऊ लागतं, म्हणून क्षणभर जास्त धरून ठेवतो. तेवढ्या क्षणात आपलं काम होतं."

मी म्हटलं, "म्हणजे मूर्ख मासा आणि शहाणे तुम्ही?"

"अगदी बरोबर!" तो खूश होऊन म्हणाला. पुणेकराला टोमणा कळला नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि सगळ्यात मोठा विनोद. धरलेला मासा हे लोक सोडून देतात. फोटो काढतात, लांबी घेतात, लेकराला न्हाऊ घातल्यासारखं पाण्यात धरतात आणि सोडतात. रिकाम्या हाताने घरी येऊन देवेश मला विचारतो, "जेवायला काय?" मी त्याच्यापुढे वरण ठेवते.

बाबांनी जाळ्यात आलेलं एक पेडवंसुद्धा परत टाकलेलं मला आठवत नाही.

आईला गुडघा शेकायला सांग. माझ्याशी फोनवर हो हो म्हणते आणि करत नाही. तुझं विचारलं की दर वेळी एकच, "खाडीर गेलो." होडी विकलेल्या माणसाचं खाडीवर काय काम असतं ते मला कळत नाही. कळून घ्यायचंही नाही.

जयवंती


माबेला
शुक्रवार, २९ एप्रिल २०१६

श्री. सागर यांस,

उत्तर आलं नाही. फार छान. न बोलण्यात तुझा हात कोणी धरणार नाही.

आता पुढचा भाग ऐक. माझ्या अप्पेपात्रात देवेश गांडुळं वितळवतो.

मासे चावून चावून गांडुळं फाटतात. ती तुकड्या-तुकड्यांनी बरणीत साठवायची, वितळवायची आणि प्लास्टरच्या साच्यात पुन्हा ओतायची. मी क्लिनिकमधून आले तर घरभर निळा धूर, जळक्या चपलेचा आणि बडीशेपेचा मिळून एक वास, आणि हा तोंडाला रुमाल बांधून गॅससमोर.

"हे काय चाललंय?"

"फाटलेली वाया कशाला घालवायची?"

"ते माझं अप्पेपात्र आहे, देवेश."

"आपण अप्पे करतो कुठे?"

"आता करायची सोयच उरली नाही!"

तेव्हा तो जरा वरमला. म्हणाला, "मला जरा जाड पाहिजेत गं. डोक्याकडे टणक. विकतची लिबलिबतात, एका हाताने गळाला लावता येत नाहीत."

"तुला दोन हात आहेत," मी म्हटलं.

त्यावर त्याने गॅस बारीक केला. खिडकी उघडून धूर बाहेर घालवत बसला. मला वाटलं लाजला. लाजायलाच हवं होतं.

या गांडूळवाल्यांचा कायमचा निकाल लावायचा म्हणून गेल्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर सूरला गेले. तिथे गलबतं बांधतात तो कारखाना आहे ना, त्याच्या मागे समुद्र आत शिरून खाडीसारखा झालाय. खोर म्हणतात त्याला. पाणी बघून मला क्षणभर देवगडच वाटलं. नारळी नाहीत, बोडके डोंगर आहेत, पण भरतीचं पाणी सगळीकडे सारखंच चढतं. होडी हुसैनमियाँची, तो चितगावचा. मी बाजारातून ताजं माकूल घेतलं, हाताची दोरी घेतली, बाबा बांधायचे तशी गाठ मारली. यांना म्हटलं, बघा आता.

तुला खोटं सांगून मला काय मिळणार? तिथे खेकड्यांनी आणि बारक्या माशांनी माझं माकूल असं कुरतडलं की दोरी वर ओढावी आणि रिकामा गळ बघावा. पुन्हा कापा, पुन्हा लावा, पुन्हा टाका. सकाळभर माझे दोन्ही हात माकलाच्या काळ्या शाईत. शेजारी देवेश एकच गांडूळ लावून बसला होता. खडकाजवळ टाकायचा, हळूच उचलायचा, परत पडू द्यायचा. त्याच एका गांडुळावर त्याला एकामागून एक मासे लागले आणि शेवटी एक गोब्रा लागला, असा मोठा की हुसैनमियाँ इंजिन सोडून पुढे धावत आला.

"मॅडम," तो मला समजूत घातल्यासारखं म्हणाला, "रबर का एक ही बात अच्छा है. टिकता है."

मी त्याला विचारलं की टिकतो तो भंगारातला टायरसुद्धा, तो जेवायला वाढतोस का. तो हसला. सगळेच हसले. मला अजून कळलेलं नाही की कोणाला.

मी देवेशला म्हटलं, "हा ठेव. ह्याचं कालवण करते. तिरफळं आहेत घरी." त्याने माझ्याकडे पाहिलं, गोब्र्याकडे पाहिलं, आणि सोडला! माझ्या डोळ्यांदेखत. म्हणे एवढा मोठा मासा अंड्यांवरचा असतो, तो पाण्यातच राहिलेला बरा.

सूर ते माबेला तीन तासांच्या रस्त्यात मी त्याच्याशी बोलले नाही. माशाची अक्कल काढावी तर तो निदान एकदा तोंड पोळल्यावर दूर राहत असेल. ही माणसं पुढच्या शुक्रवारी परत जातात.

जयवंती


माबेला
शनिवार, २४ सप्टेंबर २०१६

दादा,

काल आशुतोषच्या बायकोने, ऋचाने, आम्हाला जेवायला बोलावलं होतं. पुरुष बाल्कनीत गांडुळांवर प्रवचन करत होते. ऋचा बिचारी मला करमावं म्हणून यांच्या ग्रुपवरचे फोटो दाखवत होती. "हा बघ कोकणातला मेंबर, काय जिताडा धरलाय! देवेशने केलेल्या गांडुळावर धरलाय म्हणे."

आपण ज्याला चोणक म्हणतो तोच. चांगला मांडीएवढा. जबड्यातून जांभळं गांडूळ लोंबतंय. मागे आपला धक्का, खारफुटी. आणि चोणक धरून तू.

सगळ्यांनी चोणक पाहिला. मी फोटो मोठा केला आणि तुझा उजवा हात पाहिला.

मी काय काम करते ते तू विसरलास का? रोज सकाळपासून असलेच हात माझ्या हातात असतात. लकवा मारलेले. बिलकीस नावाची एक बलुची म्हातारी माझ्याकडे येते, तिचा हात हुबेहूब असा आहे. कोपर दुमडून पोटाशी, मनगट खाली पडलेलं, अंगठा मुठीच्या आत. तिला मी 'शुई शुई', हळूहळू, म्हणत एकेक बोट उलगडायला शिकवते. फोटोत तू मासा डाव्या हाताने धरलायस आणि काठी उजव्या काखेत दाबलीयस. दाढी पांढरी झालीय. हसतोयस, ते एकाच बाजूने.

मी ऋचाला म्हटलं, मला जरा गरगरतंय. देवेशला घेऊन खाली गाडीत आले.

"कधी झालं?" मी देवेशला विचारलं.

कशाबद्दल विचारतेय हे त्याने विचारलं नाही, म्हणजे बघ. म्हणाला, "चौदा सालच्या पावसाळ्यात. होडी विकायच्या आधी."

"तुला कधी कळलं?"

"पुढच्या वर्षी बार्शीला लग्नाला गेलो होतो ना, तू आली नव्हतीस. आईंना भेटून यावं म्हणून देवगडला गेलो. तो ओट्यावर बसला होता. कोणाशी बोलत नव्हता. नुसता खाडीकडे बघत."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"त्याने शपथ घातली."

"तो माझा भाऊ आहे, देवेश!"

"माझाही कोणीतरी आहे की," तो म्हणाला. आणि मग, "सुंगट लावून बघितलं त्याने माझ्यासमोर. एका हाताने नाही जमलं. तीनदा पडलं. त्याने गळ भिंतीवर फेकून मारला. मी इकडे येऊन आशुतोषला विचारलं की एका हाताने मासे कसे धरतात. त्याने ही गांडुळं दाखवली."

म्हणजे हे सगळं तुझ्यासाठी. अप्पेपात्र, धूर, बडीशेपेचं दूध, सगळं. देवेशला संत करायची गरज नाही. निम्मं तुझ्यासाठी आणि निम्मं त्याच्या स्वतःच्या हौसेसाठी, ते जाकीट काही तू मागवलेलं नाहीस. पण तू? मला ब्लॉक करतोस आणि माझ्या नवऱ्याकडून गांडुळं मागवतोस? मी त्याच गांडुळांची टिंगल पानंच्या पानं लिहून तुला पाठवते आणि तू ती वाचत बसतोस? आईलाही सामील करून घेतलंस. "खाडीर गेलो" म्हणे.

जगातल्या वाटेल त्या म्हाताऱ्याने माझ्याकडे हात द्यावा आणि माझ्या भावाने तो पाठीमागे लपवावा? दोन वर्षं! पहिले सहा महिने किती मोलाचे असतात तुला माहीत आहे का? तुला काय माहीत असणार! हात गेला होता, वाचा तर शाबूत होती ना? फोन उचलून चार शब्द बोलायला काय झालं होतं?

तुझ्यासारखा गर्विष्ठ, हट्टी, अर्धवट माणूस अख्ख्या किनाऱ्यावर नसेल. ह्या पत्राला उत्तर दे. डाव्या हाताने दे, पायाने दे, पण दे.

जया


देवगड
दसरो होवन चार दिवस झाले

जये,

तुजी तिन्ही पत्रां गावली. पयलां वाचून इतको हसलंय की आई भायर इली, काय झाला म्हणान बघूक. दुसरां वाचून त्याच्याहून जास्त. तिसरां वाचून हसूक येवक नाय.

डाव्या हातान लिवतंय. अक्षर वाईट आसा. उजव्यान पण काय मोठा चांगला नव्हता, तेवा तुका फरक पडूचो नाय.

तुका सांगूक नाय कारण तू नोकरी सोडून धावत इलंस आसतंस. तुजो संसार थंय. ह्यां एक कारण. दुसरां म्हणजे, रापणीवरची माणसां माजो हात बघून गप रवतत. चाय आणून देतत, खुर्ची देतत आणि गप. फोनवर तू माका बापाची होडी विकून खाणारो म्हणालंस, तेवा माका बरा वाटला. एकट्या तूच माका धडधाकट माणसासारख्यो गाळी घातलंस. मगे फोन ठेवल्यार रडू इला. परत आयकूची ताकद नव्हती म्हणान ब्लॉक केलंय.

गांडुळाची थट्टा करू नको. सुंगट लावूक दोन हात लागतत. दर वेळी सुटता, दर वेळी कोणाक तरी हाक मारा. ह्यां एकदा दातात धरून लावलंय की सकाळभर रवता. दोन चोणक गेले तरी रवता. कोणाक हाक मारूक लागणा नाय. बाकी मासो त्येका कित्याक भुलता तां माका ठावक नाय. मी कित्याक भुललंय तां ठावक आसा.

आईचो गुडघो तसोच आसा. शेकणा नाय.

सागर


माबेला
शुक्रवार, १८ नोव्हेंबर २०१६

दादा,

तुझं पत्र मिळालं. अक्षर खरंच वाईट आहे.

मी नोकरी सोडून धावत आले असते असं तुला वाटतं. नसते आले. स्वतःची एवढी किंमत लावू नकोस. रजा काढून आले असते, जशी आता येतेय. डिसेंबरच्या दहा तारखेला निघते, पुरता महिना तिथे आहे. क्लिनिकचा मॅनेजर रजेला "इन्शाल्ला" म्हणाला. मी म्हटलं, इन्शाल्ला नको, सही पाहिजे. सही घेतली. बिलकीसच्या बोटांची जबाबदारी शेजारच्या केरळी मुलीवर टाकली आहे. बिलकीसने विचारलं, कुठे चाललीस. मी म्हटलं, तुमच्यापेक्षा आडमुठा पेशंट आहे. ती म्हणाली, पुरुष असणार.

आता नीट वाच. कोणाकडून तेल चोळून घेत असशील तर आजपासून बंद. कोणी जोर लावून बोटं सरळ करत असेल तर त्याला घरात घेऊ नकोस, त्याने हात आणखी आखडतो. रोज टेबलावर टॉवेल पसरून त्यावर उजवा हात ठेवायचा आणि खांद्यातून पुढे सरकवायचा, जाईल तेवढाच. गेला नाही तर शिव्या द्यायच्या, पण माझ्या नावाने नाही. आणि ते रबर दातात धरणं बंद! त्यात कसली कसली रसायनं असतात ती पाकिटावर अमेरिकेतल्या लोकांनीसुद्धा छापलेली नाहीत. एवढी वर्षं समुद्रावर काढून तुला तोंडात घालायला तेच मिळालं?

देवेशने त्यावर उपाय काढलाय. लाकडाची फळी, तिला दोन खिळे आणि एक चिमटा. गांडूळ चिमट्यात अडकवायचं आणि गळ एका हाताने आत सारायचा. मी करून बघितलं, उजवा हात पाठीशी बांधून. सातआठ वेळा बोटात गळ घुसला. मग जमलं. देवेश बघत होता, पण हसला नाही. त्याचं नशीब. गांडुळाचं डोकं अजून जरा जाड हवं असं मी त्याला सांगितलंय आणि नवीन साच्याचं माप मी दिलंय. ह्याचा अर्थ मला ती आवडायला लागली असा काढू नकोस. ती भिकारच आहेत. मासा भुलतो तो मूर्खच आहे, आणि त्याला भुलवून वर सोडून देणारे त्याहून. तू सोडत नाहीस ना? आईला विचारून खात्री करून घेणार आहे.

हात पहिल्यासारखा होईल असं मी सांगत नाही. मी पेशंटशी खोटं बोलत नाही आणि तुझ्याशी तर मुळीच नाही. दोन वर्षं फुकट घालवलीत. पण फोटोत तुझा अंगठा पूर्ण आत नाही, नखाची कड दिसतेय. मी तो फोटो इथल्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, एवढ्याशा नखावर काय बोलणार? मी म्हटलं, मी बोलते.

मला घ्यायला कणकवलीला यायचं नाही. रिक्षा करून मी येते. देवेश आठवड्याने मागून येईल, चार पाकिटं घेऊन, तेव्हा त्याच्याशी काय ते गळ्यात गळे घालायचे ते घाला.

मी येईन तेव्हा घराचं दार आतून बंद असलं पाहिजे. वरची कडी घातलेली. मी वाजवलं की तू उठायचंस, आईने नाही. शेजारच्या कोणी मध्ये पडायचं नाही. कडी उजव्या हाताने काढायची. डाव्या हाताने मनगटाला आधार दिलास तर चालेल, पण बोटं उजवीच. मी बाहेरून हाक मारणार नाही, घाई करणार नाही, दार ढकलणार नाही.

कितीही वेळ लागू दे. मी पायरीवर बसलेली आहे.

जया